गाडी मागून बसते तेव्हा

१९६०च्या सप्टेंबरात जॉन स्टाइनबेक न्यूयॉर्कजवळच्या सॅग हार्बरहून अमेरिका बघायला निघाला, तेव्हा त्याच्याकडे जीएमसी कंपनीचा नवा पिकअप ट्रक होता आणि ट्रकच्या हौद्यात बसवलेलं लाकडी फर्निचरचं, ओटा-पलंग असलेलं छोटं घर. सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याने गाडीचं नाव ठेवलं होतं रोसिनान्टे. सामान त्याने हौसेने भरलं. वाचायची राहून गेलेली पुस्तकंच दीडशे पौंडांची, म्हणजे अडुसष्ट किलोंची होती. आपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त वजन घेऊन निघालो हे त्याने पुढे प्रवासवर्णनात मोकळेपणाने लिहिलं. ओरेगन राज्यात एका पावसाळी रविवारी गाडीचा टायर फुटला आणि दुसराही भरवशाचा राहिलेला नाही हे लक्षात आलं. तो ट्रक आज कॅलिफोर्नियात सलिनास इथल्या स्टाइनबेक केंद्रात ठेवलेला आहे.

या प्रसंगात हार खाल्ली ती टायरने. पिकअपवर घर चढवणारा माणूस मात्र सगळ्यात आधी बघतो मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे. साहजिकच आहे, कारण टायर किती ताणात आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि गाडीची मागची बाजू चार बोटं खाली गेलेली मात्र शेजाऱ्यालाही दिसते. मग 'पाटे वाढवा', 'एअरबॅग टाका' असे सल्ले सुरू होतात. अमेरिकेत या कामाच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. पण मागचं सस्पेन्शन सुधारायचं म्हणजे नक्की काय सुधारायचं, हा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारलेला बरा.

तिकडे ज्याला ट्रक कॅम्पर म्हणतात ते ओढून न्यायचं घर नव्हे. ते पिकअपच्या हौद्यात सरकवून, साखळ्यांनी किंवा आकड्यांनी आवळून बसवतात. चार कोपऱ्यांना जॅक असतात. मुक्कामी पोचलं की घर जॅकवर उभं करून खालून ट्रक काढून घेता येतो. आत पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅसचा सिलिंडर आणि मोठ्या नमुन्यांत संडास-न्हाणीसुद्धा. पलंग बहुधा ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेला असतो. कापडी छपराचं हलकं घर पाच-सहाशे किलोंत होतं. टणक भिंतींची, सगळ्या सोयींची घरं हजार-बाराशे किलोंच्या पुढे सहज जातात. ओढायच्या ट्रेलरच्या वजनातला थोडाच भाग ट्रकच्या पाठीवर येतो. इथे सगळंच्या सगळं पाठीवर आणि तेही उंचावर.

पिकअपच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा पाटेच असतात. लांब, वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची ही चळत मधोमध यू-बोल्टने एक्सलला आवळलेली असते. एक टोक चासीच्या कंसात पिनेवर, दुसरं टोक हलत्या शॅकलवर. सर्वांत वरचा मेन पाटा टोकांना वळवलेला असतो. खालचे क्रमाने आखूड होत जातात. अवजड पिकअपमध्ये शिवाय एक जाड, जवळजवळ सपाट हेल्पर पाटा असतो. गाडी रिकामी असताना तो कशालाच टेकत नाही. वजन पडून मुख्य पाटे दबले की त्याची टोकं चासीवरच्या टेकूंना लागतात आणि तिथून पुढे तो भार घ्यायला लागतो. म्हणजे एकाच गाडीला दोन स्वभाव दिलेले असतात, रिकामी असताना मऊ आणि भरल्यावर कडक.

यावरून एक गोष्ट कळते. रिकामा पिकअप मागून उंच दिसतो, तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. वजन टाकल्यावर तो सपाटीला यावा हीच अपेक्षा असते. तेव्हा 'गाडी बसली' असं म्हणायच्या आधी मेजपट्टी घ्यावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर रिकाम्या गाडीत मोजावं आणि घर चढवल्यावर पुन्हा मोजावं. मागे सात-आठ सेंटिमीटर उतरून गाडी सपाट झाली असेल तर काही बिघडलेलं नाही. मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली गेली, किंवा पुढची बाजू मुळापेक्षा वर उचलली गेली, तर मात्र विचार करायला हवा.

पुढची बाजू वर का उचलली जाते हे बैलगाडी भरणाऱ्याला शिकवावं लागत नाही. माल मागे गेला की गाडी उलाळते, पुढे आला की धुरजड होते. पिकअपचंही तसंच. घराचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. आकडे घालून बघू. दोन एक्सलमधलं अंतर ४०० सेंटिमीटर आहे, रिकाम्या ट्रकच्या मागच्या एक्सलवर १,३५० किलो आहेत आणि भरलेलं घर १,३०० किलोंचं आहे, असं धरा. गुरुत्वमध्य एक्सलच्या २५ सेंटिमीटर पुढे असेल तर पुढच्या चाकांवर ८१ किलो वाढतात आणि मागच्या एक्सलवर एकूण २,५६९ होतात. तोच गुरुत्वमध्य २५ सेंटिमीटर मागे गेला, तर पुढची चाकं ८१ किलोंनी हलकी होतात आणि मागे २,७३१ किलो पडतात. घर तेच, पाटे तेच.

आता टायर बघा. असं घर वाहणाऱ्या जुन्या ट्रकांवर सर्रास दिसणारा २४५/७५ आर १६ मापाचा, 'ई' भारश्रेणीचा एलटी (लाइट ट्रक) टायर ८० पीएसआय हवेला १,३८० किलो पेलतो. दोन टायरांचे झाले २,७६०. पहिल्या मांडणीत हातात १९१ किलो उरतात, दुसरीत अवघे २९. एवढ्यावर मागच्या बंपरला सायकलींचा स्टँड लटकवला की कहाणी संपली, कारण एक्सलच्या मागे दोन मीटरवर लटकवलेले ६० किलो मागच्या एक्सलला ९० किलोंसारखे जाणवतात. वरचे ३० पुढच्या चाकांवरून उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री समोरून येणारे दिवे मारून शिव्या घालतात आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते.

अमेरिकन कारखानदारांना हे फार आधीच कळलं होतं. फोर्डने १९७३पासून एफ-३५०चा 'सुपर कॅम्पर स्पेशल' नावाचा ट्रक काढला. नेहमीच्या लांब पिकअपमधलं एक्सलांतलं अंतर १३३ इंच होतं, यात ते १४० केलं. मागचा एक्सल सात इंच मागे गेल्यामुळे घराचा भार आपोआप त्याच्या पुढे पडला. सुटं चाकही मागे लटकवायचं सोडून उजव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे एका कप्प्यात ठेवलं. माझ्या मते ही या सगळ्या विषयातली सर्वांत शहाणी सुधारणा होती, आणि तिच्यात स्प्रिंगचा काहीच संबंध नव्हता. अमेरिकी संघराज्याचा नियमही आला. कॅम्पर वाहू शकणाऱ्या ट्रकबरोबर निर्मात्याने माल किती चालेल हे तर सांगायचंच, शिवाय गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत पडला पाहिजे याची आकृतीही द्यायची. ती पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडता पडलेली असते.

म्हणून पहिलं काम वजनकाट्यावर जाण्याचं. अमेरिकेत महामार्गांलगतच्या ट्रक थांब्यांवर 'कॅट स्केल'चे काटे असतात. ही कंपनी १९७७पासून याच धंद्यात आहे. तिच्या काट्याला वेगवेगळे फलाट असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन एकाच वेळी वेगळं मिळतं. टाकी भरून, गॅस भरून, माणसं बसवून, खाणंपिणं ठेवून जायचं. घराच्या माहितीपत्रकातलं 'कोरडं वजन' हा आकडा विक्रेत्याच्या सोयीचा असतो. त्यात पाणी नसतं, बऱ्याचदा बॅटऱ्या आणि हौसेने घेतलेली जादा उपकरणंही नसतात. तीस गॅलनची पाण्याची टाकी भरली तर तिचेच ११४ किलो होतात. काट्याची पावती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीशी ताडून बघायची. एकूण वजनाची मर्यादा, प्रत्येक एक्सलची मर्यादा आणि टायरची हवा, सगळं तिथे छापलेलं असतं. पिकअपच्या वर्गांची 'हाफ टन', 'वन टन' ही नावं मात्र जुन्या काळची आहेत. त्यांचा आजच्या भारक्षमतेशी मेळ राहिलेला नाही.

एकूण वजनाच्या पट्टीमागे नेहमी निव्वळ यंत्रशास्त्रच असतं असं नाही, हेही सांगायला हवं. फोर्ड एफ-२५०वर वर्षानुवर्षं १०,००० पौंडांचा आकडा छापला गेला, कारण त्याच्या वर गाडीचा वर्ग बदलतो आणि काही राज्यांत नोंदणीचा खर्च वाढतो. सांगाडा जवळपास तसाच असलेल्या एफ-३५०वर आकडा मोठा. यामुळे काही मालक पट्टीच झुगारून देतात. तसं करू नये. टायरचा आकडा आणि एक्सलचा आकडा यांना कागदी सवलत नसते.

वजन मर्यादेत आहे असं कळल्यावर मग खरी तक्रार कोणती ते ओळखायचं. लोक तीन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव देतात. गाडी मागून बसते, गाडी दोन्ही बाजूंना डोलते, किंवा गाडी उंचवट्यावरून गेल्यावर झुलतच राहते. तिन्हींचे उपाय निराळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर खर्च होऊन दुखणं तसंच राहतं.

बसण्यावर सगळ्यात सरळ उपाय म्हणजे पाटा वाढवणे. हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. हायवेलगतच्या पाटेवाल्याकडे जाऊन बोलेरो पिकअपला एकेक पाटा चढवून घेणारे भाजीवाले महाराष्ट्रात जिकडेतिकडे आहेत. पोलाद फसवत नाही, हवा गळत नाही, रबर सडत नाही. पण पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दहा टक्के जास्त घेतली तर कडकपणा तेहतीस टक्के वाढतो. घर उतरवून ठेवल्यावर अशी गाडी रिकामी चालवली तर पाठीचे मणके मोजता येतात. जुने पाटे तापवून, ठोकून पुन्हा कमान देऊन घ्यायचीही रीत आहे. उष्णतेचं काम नीट झालं नाही तर ते काही महिन्यांत परत बसतात.

एअरबॅग म्हणजे चासी आणि एक्सल यांच्यामध्ये बसवलेली रबरी, हवा भरायची थैली. फायरस्टोन आणि एअर लिफ्ट ही त्यातली ठळक नावं. घर असताना हवा भरा, नसताना कमी करा, ही सोय दुसऱ्या कशात नाही. एका बाजूला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशी घराची मांडणी असली तर डावी-उजवी हवा वेगळी ठेवून गाडी सरळ उभी करता येते. मात्र दोन्ही थैल्यांची नळी एकच ठेवली, तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा पळून उचललेल्या बाजूला जाते आणि डोलणं वाढतं. नळ्या वेगळ्या हव्यात. रिकाम्या गाडीतही थोडी हवा, साधारण पाच पीएसआय, राखावी लागते, नाहीतर थैली घडीत चिरडते. सायलेन्सरची नळी शेजारून जात असेल तर उष्णतारोधक पत्रा लावायचा.

एअरबॅगची एक बाजू विक्रेते सांगत नाहीत. पाट्यांमुळे घराचं वजन चासीवर दोन ठिकाणी पोचतं, एक्सलच्या पुढे आणि मागे, पुष्कळ अंतर राखून. थैली तेच वजन बरोबर एक्सलच्या डोक्यावर एका कंसात उचलते. चासीचं मागचं टोक मागे लांब निघालेलं, त्यावर उलाळलेलं घर, थैलीत भरपूर हवा आणि वेगात आलेला खड्डा असं सगळं जुळून आलं की चासी त्या बिंदूवर वाकवली जाते. थोडी मदत घ्यायला थैली उत्तम. पाटे जवळजवळ निवृत्त करून तिच्यावरच घर तोलणं चुकीचं. खोक्यावरचा ५,००० पौंडांचा आकडाही नीट वाचावा. दोन थैल्या मिळून किती उचलू शकतात, एवढंच तो सांगतो. गाडीच्या मर्यादेपलीकडे जाऊ नका, हे त्याच कंपन्या आपल्याच सूचनांत लिहितात.

ज्यांना देखभाल नको त्यांच्यासाठी टिंब्रेनसारखे पोकळ रबरी ठोकळे असतात. ते बंप स्टॉपरच्या जागी बसतात आणि दबत जातील तसे कडक होतात. स्वस्त, साधे, आणि मधल्या वजनांना पुरेसे.

डोलण्याचा मामला वेगळा आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. बसलेली गाडी वाईट दिसते, डोलणारी गाडी ड्रायव्हरला घाबरवते. पेट्रोल पंपाच्या उतारावर एक चाक आधी चढलं की घराचं डोकं इकडून तिकडे भिरकावलं जातं. बाजूने मोठा ट्रक गेला की वारा भिंतीला ढकलतो. कारण भूमितीत आहे. आडव्या डोलण्याला होणारा विरोध दोन स्प्रिंगांमधल्या अंतराच्या वर्गावर ठरतो. पाटे चासीच्या खाली, चाकांच्या आतल्या बाजूला असतात. ते अंतर चाकांमधल्या अंतराच्या साठ टक्के असेल, तर तेच स्प्रिंग चाकांच्या जागी असते तर मिळाला असता त्याच्या छत्तीस टक्केच विरोध मिळतो. म्हणून नुसते कडक पाटे टाकून डोलणं हवं तेवढं थांबत नाही.

इथे पहिला उपाय फुकटचा आहे. टायरची हवा. मऊ टायरची भिंत प्रत्येक झोक्याला मुडपते आणि डोलण्याचा बराच हिस्सा तिथूनच येतो. काट्यावर मिळालेल्या वजनाला निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे लागेल तेवढी हवा भरली की अर्ध्या तक्रारी मिटतात. दुसरं, घर हौद्यात सैल तर नाही ना ते बघायचं. खाली रबरी चटई आणि चासीला धरलेले मजबूत आकडे नसतील तर घर स्वतःच सरकतं आणि दोष सस्पेन्शनवर येतो. त्यानंतर हेल्पर पाटा. तो टेकूला लागेपर्यंतच्या मोकळ्या अंतरात गाडी निवांत डोलते. त्या फटीत ठोकळा घालून पाटा आधीच टेकवला तर तो पहिल्या झोक्यापासून कामाला लागतो. टॉर्कलिफ्ट कंपनीचं स्टेबललोड नावाचं साधन नेमकं हेच करतं. खर्चाच्या मानाने मिळणारा फरक बघता बहुतेकांनी इथेच थांबायला हरकत नाही.

तरीही डोलत असेल तर अँटी-रोल बार. एक्सलला बांधलेला हा पोलादी दांडा एक चाक वर आणि दुसरं खाली जायला लागलं की पिळला जातो आणि विरोध करतो. पिळाचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. बावीस मिलिमीटरऐवजी अठ्ठावीसचा दांडा घेतला तर तो अडीचपटीपेक्षाही कडक होतो. हा दांडा वजन अजिबात उचलत नाही. बसलेली गाडी त्याने एक मिलिमीटरही वर येत नाही. शिवाय खडबडीत रस्त्यावर तो एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचवतो. नेवाडा किंवा युटाच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणारे तो सोडवून ठेवता येईल असा घेतात. डोलण्याचा कायमचा उपाय पाहिजे आणि घर खरोखरच मोठं आहे, तर मागे चार चाकांचा ट्रक घ्यावा. जमिनीवरचा पाया रुंद, टायरच्या भिंती दुप्पट, आणि एक टायर गेला तरी घर उभं.

तिसरं दुखणं झुलण्याचं. पुलाच्या जोडावरून गाडी गेली आणि मग दोन-तीनदा मागेपुढे डोकं हलवत राहिली, तर तो शॉक अॅब्सॉर्बरचा अपुरेपणा. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते. तिची उष्णता करून ती संपवायचं काम शॉक अॅब्सॉर्बरचं. त्याला किती जोर लागतो हे स्प्रिंगचा कडकपणा आणि वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. कडकपणा दुप्पट केला आणि वजन दीडपट झालं, तर लागणारा जोर १.७३ पट होतो. पाटे वाढवून कारखान्यातलेच शॉक अॅब्सॉर्बर ठेवणारा माणूस गाडी उंच करतो आणि उड्या मात्र वाढवून घेतो. बिल्स्टाइन किंवा रँचोसारख्यांचे दमदार, शक्य तर फिरवून कमी-जास्त करता येणारे नमुने यासाठीच असतात. हवा भरायचे शॉक अॅब्सॉर्बर घेऊन वजन उचलायचा मोह मात्र टाळावा. त्यांच्या खिळ्या आणि कंस घर पेलण्यासाठी बनवलेले नसतात.

या सगळ्यातून एक गोष्ट बदलत नाही. मागची बाजू वर आली म्हणून मर्यादा वर जात नाही. एक्सलचं बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक हे सगळे तेवढेच राहतात, फक्त इशारा देणारी उतरलेली शेपूट दिसेनाशी होते. आपल्याकडेही जादा पाट्याने आरसी बुकातलं वजन वाढत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाला वीस हजार रुपये आणि वर दर टनाला दोन हजार दंड आहे. काट्यावर आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर उपाय एकच, घर हलकं करा किंवा ट्रक मोठा घ्या. पाणी मुक्कामाजवळ भरलं तरी शंभर किलो वाचतात.

काम करून घेतलंत तर दोन गोष्टी विसरू नका. गाडीची उंची बदलली की हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्या, घर चढवलेलं असतानाच. आणि पाट्यांचे यू-बोल्ट नवे टाका. काढलेले परत वापरू नका. नवे बोल्टही पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ताणले जाऊन सैल पडतात, तेव्हा लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या.